आबा, रायफल ठरली

सॅन अँजेलो, टेक्सास
18 जानेवारी 2026

ती. आबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर रायफलीचा विषय निघाला आणि नेमका तेव्हाच आवाज तुटायला लागला, म्हणून सगळं लिहूनच कळवते. आबा, तुमचं म्हणणं मला कळलं. पहिली बंदूक बोल्टची घ्यावी, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, थ्री-नॉट-थ्रीसारखी. एक नेम, एक गोळी, धडाधड उडवायची सवय हाताला लागू नये. मी यावर खूप विचार केला. तरीही पुढचं काडतूस आपसूक भरणारी सेमी-ऑटोच घ्यायची ठरवली आहे, आणि ती का, हे तुम्हाला पटल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पण आधी आईचा प्रश्न घेते, कारण तो जास्त मोठा आहे. मारायचंच कशाला?

आई, आमच्या शेळ्या फेब्रुवारीत व्यायला लागतील. कायोटींच्या जोड्याही याच दिवसांत जमतात. एप्रिल-मेमध्ये त्यांना पिल्लं होतात, आणि पोटाशी पिल्लं असलेली जोडी भक्ष्यासाठी कळपाशी येते. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि माणातल्या लांडग्याहून लहान, साधारण दहा ते पंधरा किलोचा. आठ दिवसांचं करडू तो सहज उचलतो. मेलेलं करडू सापडलं की मी आधी त्याच्या गळ्यावरची कातडी सोलून बघते. वरून दातांची दोन-चार भोकं दिसतात, केसांना रक्तही फारसं लागलेलं नसतं. कातडी उलटी केली की मात्र आतल्या बाजूला काळंनिळं रक्त साकळलेलं दिसतं. म्हणजे चावा बसला तेव्हा करडू जिवंत होतं. रक्त साकळलेलं नसेल तर ते आधीच मेलेलं होतं, कायोटीने नुसतं खाल्लं. तो दोष मी त्याच्या माथी मारत नाही. शिरवळच्या कॉलेजात शवविच्छेदनाच्या टेबलावर शिकले ते इथे असं कामी येतं.

सगळे कायोटी संपवायचे नाहीत, आणि ते संपतही नाहीत. इथल्या सरकारने विष, सापळे, विमानातून गोळीबार असं सगळं शंभर वर्षं करून पाहिलं, तरी पश्चिमेकडचा हा प्राणी आता पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला आहे. बहुतेक कायोटी उंदीर, ससे, टोळ आणि उन्हाळ्यात निवडुंगाची बोंडं खाऊन राहतात. त्यांचं आणि आमचं काही भांडण नाही. प्रश्न आहे तो कळपाला चटावलेल्या एका जोडीचा. आम्ही कुंपण खालून बंद केलं, रात्री शेळ्या वाड्यात घेतो, पायरनीज जातीची दोन पांढरी राखणीची कुत्री कळपातच वाढवली आहेत. या सगळ्याला पुरून उरलेली जोडी तेवढी मारायची. इथे सॅन अँजेलोत मेंढ्या-शेळ्यांचा देशातला सगळ्यात मोठा लिलाव भरतो, आसपासच्या प्रत्येक घराला हे दुखणं ठाऊक आहे. आपल्याकडे लांडग्याला 1972 च्या कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं, कारण तिथे तो थोडकाच उरलाय. इथे कायोटीची तशी स्थिती नाही. टेक्सासात त्याच्या शिकारीला बंद हंगामच नाही, फक्त परवाना लागतो.

आता आबा, तुमच्यासाठी.

तुम्ही स्वतः उमेदीची वर्षं एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, खांद्याला लावून काढलीत. तीही सेमी-ऑटोच की! चाप ओढला की एक गोळी, आणि पुढचं काडतूस गॅसच्या जोरावर आपसूक भरलेलं. मी घेतेय त्या एआर-15 चंही काम तेवढंच. फरक हा की तुमच्या एसएलआरमध्ये गॅस पिस्टनला ढकलायचा आणि त्याला रेग्युलेटर होता. इथल्या एआर-15 मध्ये गॅस बारीक नळीतून थेट बोल्ट कॅरियरमध्ये येतो. 1950 च्या दशकात यूजीन स्टोनरने आर्मालाइट कंपनीत ही रचना केली. हलकी आहे आणि नेमालाही चांगली, पण काजळी आतच साठते. म्हणजे चिंधी आणि तेल नेमाने लागणार. ती सवय मला तुमच्या ट्रंकेजवळ बसूनच लागली आहे.

दुसरी गोळी पटकन का हवी, ते सांगते. इथे शिकार बसून करतात. मेस्किटच्या झुडपाच्या सावलीत बसायचं, वारा तोंडावर घ्यायचा, पन्नासेक पावलांवर सशाच्या किंकाळीचा भोंगा ठेवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत येतात ते बहुधा दोघं येतात. एक सरळ भोंग्याकडे, दुसरा वळसा घालून वाऱ्याखालून. पहिल्याला गोळी लागली की दुसरा क्षणभर थबकतो आणि मग सुटतो. बोल्टच्या रायफलीत त्या क्षणी हात चापावरून निघतो, मान उचलली जाते, दुर्बिणीतून जनावर हरवतं. सराईत माणसाचं नाही हरवत, पण मी सराईत नाही. आणि याहून मोठं कारण असं की एखाद्या वेळी पहिली गोळी नीट बसली नाही तर जखमी जनावर झुडपात शिरून दोन दिवस तडफडत मरतं. जनावरांची डॉक्टर असून मला ते सहन होणार नाही. गाल दस्त्यावर तसाच ठेवून लगेच दुसरी गोळी देता यावी, यासाठी सेमी-ऑटो. मॅगझीन पाच गोळ्यांचंच घेतेय. ते आखूड असल्यामुळे पालथं पडून नेम धरताना जमिनीला टेकतही नाही.

मन खरं तर आधी रुगरच्या मिनी-14 वर बसलं होतं. लाकडी दस्ता, वरून उघडा दिसणारा बोल्ट, जुन्या अमेरिकन लष्करी रायफलीचं धाकटं भावंडच. तुम्हाला बघताक्षणी आवडली असती. पण दस्त्याची लांबी ठरलेली. माझे हात आखूड, वर हिवाळ्याचं जाडजूड जाकीट. खांद्याला लावली की डोळा दुर्बिणीपासून मागेच राहायचा. एआरचा दस्ता आत-बाहेर सरकतो. माझ्यासाठी आत, ह्यांच्यासाठी दोन घरं बाहेर, एकाच रायफलीत काम झालं. अंगाला न बसणाऱ्या बंदुकीने नेम साधत नाही, हे तुम्हीच रंगरुटांना सांगायचात. शिवाय मिनी-14 साध्या एआरपेक्षा महाग, आणि एआरचा सुटा भाग गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतो.

काडतूस .223 रेमिंग्टनचं. दुकानदार .243 आणि 6.5 ग्रेंडेलपण दाखवत होता, आणि 2024 मध्ये निघालेलं .22 एआरसीही. हरणासाठी मोठं काडतूस ठीक आहे. कायोटीला .223 पुरेसं आहे, धक्का कमी बसतो, आणि स्वस्त असल्यामुळे सराव भरपूर करता येतो. मोठ्या काडतुसाची रायफल घेऊन महिन्याला दहा गोळ्या मारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तुमच्या इन्सास रायफलीचं 5.56 आणि हे बाहेरून जवळपास सारखंच, पण 5.56 चा दाब जास्त असतो. म्हणून निव्वळ .223 साठी केलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, लष्करी काडतूस घालू नये. मी जी नळी निवडली तिला वाइल्ड चेंबर आहे, त्यात दोन्ही चालतात. घरात दोन्ही खोकी असली तरी घोटाळा व्हायची भीती नाही.

नळी 18 इंचांची. 16 ची घेतली असती तरी चाललं असतं, त्याहून आखूड नळीच्या रायफलीला वेगळी सरकारी नोंदणी लागते. वजन तीन-साडेतीन किलोच्या आत राहिलं, म्हणून ही दोन इंच जास्त घेतली. गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आट्यांना 8 इंचांत एक फेरा आहे, त्यामुळे 55 ग्रेनपासून 77 ग्रेनपर्यंतच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या नीट चालतात. हे महत्त्वाचं, कारण इथे वारा फार. आडवा ताशी 16 किलोमीटरचा वारा असला तर 55 ग्रेनची गोळी 200 यार्डांवर सुमारे 4 इंच सरकते. कायोटीच्या छातीचा कामाचा भागच पाच-सहा इंचांचा, म्हणजे एवढ्याशा वाऱ्याने नेम चुकला. वाऱ्याच्या दिवशी जड गोळी घ्यायची किंवा सरळ घरी बसायचं.

एरवी मात्र 55 ग्रेनचीच वापरणार. साडेतीन ग्रॅमची, टोकाला प्लास्टिक असलेली. लागल्यावर ती आतच फुटते. जनावर जागीच पडतं, आणि गोळी आरपार जाऊन पुढे कुणाच्या कळपात घुसायचा धोका कमी होतो. इथली जमीन चुनखडीची आहे, कठीण गोळी दगडावरून उसळते. तरी टेकाडाची मातीची पाठ असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हा आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या रँचरचा नियम, आणि मी तो मोडणार नाही.

पैसे कुठे जास्त घातले म्हणाल तर चापावर आणि दुर्बिणीवर. या रायफलींना येतो तो साधा चाप जड आणि खरखरीत असतो, ओढता ओढता नळी हलते. मी दोन टप्प्यांचा घेतला: आधी थोडासा हलका येतो, मग बोटाला अडसर लागतो, तिथे श्वास रोखून दाबलं की सुटतो. दुर्बीण 2 ते 10 पट मोठं दाखवणारी. भोंग्याशी आलेलं जनावर कधी कधी तीस पावलांवर उभं असतं. तिथे 10 पटीवर नुसते केस दिसतात, म्हणून बसताना ती कायम 2 वर ठेवायची. 200 यार्डांवर झिरो करणार आहे, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी येतील अशी दुर्बीण जुळवणार. तसं केलं की 100 यार्डांवर गोळी दीड-दोन इंच वर लागते, आणि 200 पर्यंत मनात हिशोब न करता नेम धरता येतो. त्यापलीकडे मी मारणारच नाही.

रात्रीची थर्मल दुर्बीण घ्यायचा सगळे आग्रह करतात. कायोटी रात्रीच जास्त फिरतात आणि इथे खासगी रानात रात्री मारायला परवानगी आहे. मी नाही घेतली. थर्मलमध्ये रंग दिसत नाही, नुसती उष्णतेची आकृती दिसते. चार पाय, शेपूट, टोकदार तोंड. दीडशे यार्डांवर तो कायोटी आहे की कुंपण ओलांडून आलेलं शेजाऱ्याचं राखणीचं कुत्रं, हे नवख्याला सांगता येत नाही. दिवसा पायरनीज पांढरं शुभ्र दिसतं, शंका उरत नाही. ही कुत्री रात्रभर भुंकत कळपाभोवती फेऱ्या मारतात, आमच्याकडे कायोटी मरतात त्याहून जास्त कायोटी त्यांच्या नुसत्या भुंकण्याने परत फिरतात. त्यातलं एक माझ्या गोळीने गेलं तर बंदूक घेतली कशासाठी? रानात वावरून जनावराची चाल अंगवळणी पडली की मगच रात्रीचा विचार.

आई, टीव्हीवर शाळांतल्या गोळीबाराच्या बातम्यांत हीच रायफल दाखवतात, ते बघून तुझा जीव वरखाली होतो हे मला माहीत आहे. माझाही होतो. म्हणून रायफलीच्या आधी लोखंडी कपाट घेतलं आणि ते भिंतीला बोल्टने पक्कं बसवलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. कपाटाचा आकडा फक्त आम्हा दोघांना ठाऊक. चिनूला कपाटात काय आहे हे सांगितलंय, लपवून ठेवलेलं नाही, पण त्याने हात लावायचा नाही. इथल्या कायद्यानुसार 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यावर शिकार करायची तर आधी शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तो मी केला. दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म 4473 भरायचा असतो, त्यात ग्रीन कार्डावरचा नंबर द्यावा लागतो, आणि दुकानदार एफबीआयकडून माझी तपासणी करून घेऊनच रायफल हातात देणार. ऑफिसातल्या एका मराठी मुलाला वाटलं होतं की एच-1बी व्हिसावर असंच जाऊन घेता येईल. त्याला मी बजावलं, शिकारीचा वैध परवाना हातात असल्याशिवाय बंदुकीला हातही लावू नकोस, तो केंद्राचा गुन्हा आहे.

कानाची काळजीही घेतेय, तुमच्या उजव्या कानाचं बघितलंय मी. सायलेन्सरवरचा 1934 पासूनचा 200 डॉलरचा कर या 1 जानेवारीपासून शून्य झालाय, नोंदणी मात्र करावीच लागते. अर्ज पाठवणार आहे. तो मंजूर होईपर्यंत, आणि झाल्यावरही, कानांवर मफ असणारच.

दादाला सांगा, त्याने विचारलं होतं त्या बोअर जातीच्या बोकडाचं मी बघते, पण इथून पाठवण्यापेक्षा फलटणला निंबकरांच्या संस्थेत आधी चौकशी करावी. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? मला फोटो पाठवा.

आणि आबा, एक विचारायचं राहिलंच. एसएलआर झिरो करताना तुम्ही तीन गोळ्यांचा ग्रुप घ्यायचात की पाचांचा? आणि नळी गार होऊ द्यायचात का मध्ये? इथे जो तो वेगळं सांगतो. रविवारी फोन करते तेव्हा सांगा, त्याच्या आत मी रेंजवर जाणार नाही.

तुमची,
ताई