गनप्लाचा बॉक्स घेण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीत मुलांसाठी काय घ्यावं, या विषयावरच्या आपल्या पुरवणीत 'गंडम' या जपानी विज्ञानमालिकेच्या मॉडेल किटची, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून बनवायच्या यंत्रमानवांची, ओळख करून दिली होती. यांनाच सगळे गनप्ला म्हणतात. मराठी वृत्तपत्राने या छंदाला जागा दिली याचा आम्हा हौशी मंडळींना खरोखर आनंद झाला. मात्र त्यातल्या दोन सल्ल्यांवर विसंबून कुणी खरेदी केली, तर पैसेही जातील आणि पोराचा हिरमोडही होईल. 'ग्रेड जितका वरचा तितकं किट चांगलं' हा एक सल्ला, आणि 'जोडणीसाठी झटपट चिकटणारा गोंद हाताशी ठेवावा' हा दुसरा. दोन्ही बरोबर नाहीत. हे पत्र त्यासाठीच.

आधी थोडा इतिहास, कारण किटचा आणि मालिकेचा संबंध त्याशिवाय कळत नाही. 'मोबाईल सूट गंडम' 7 एप्रिल 1979 रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी टोमिनो, यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांची, आणि प्रायोजक क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी. पण या गोष्टीत यंत्रमानव जादूने जिंकत नाही. दारूगोळा संपतो, रसद अडकते, पायलट पोरगा वैतागून पळून जातो. हे ज्यांना भिडलं तो प्रेक्षक शाळा-कॉलेजातला मोठा होता, आणि क्लोव्हरची खेळणी होती लहानग्यांसाठी. ती खपेनात. 52 भागांची ठरलेली मालिका 43 भागांत आटोपती घ्यावी लागली आणि जानेवारी 1980 मध्ये बंद झाली. त्याच वर्षी जुलैत बांदाई या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीने 1/144 प्रमाणातलं गंडमचं पहिलं किट 300 येनला बाजारात आणलं. पुनःप्रक्षेपणं, 1981-82 मधले तीन संकलित चित्रपट आणि ही किटं, या तिघांनी मिळून बुडालेली मालिका वर काढली. पुढे 1983 मध्ये बांदाईने पडद्यावर कधीच न आलेल्या यंत्रांची किटं काढली, आणि त्यांतली काही नंतरच्या मालिकांच्या कथानकात जाऊन बसली. म्हणजे इथे वस्तूच्या मागोमाग गोष्ट चालत आली आहे. 2025 मध्येही नवी मालिका आली की तिचं किट दुकानात तयार असतं, ते या जुन्या नात्यामुळे.

आता ग्रेडचं. गनप्लाच्या बॉक्सवर एन्ट्री ग्रेड, हाय ग्रेड (एचजी), रिअल ग्रेड (आरजी), मास्टर ग्रेड (एमजी), परफेक्ट ग्रेड (पीजी) असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही दर्जाची उतरंड नाही. आकार, भागांची संख्या आणि लागणारा वेळ यांची ती कल्पना देते, बस्स. कथेतला गंडम हा यंत्रमानव 18 मीटर उंच आहे. म्हणून 1/144 मधला एचजी साधारण साडेबारा सेंटिमीटर भरतो, 1/100 मधला एमजी 18 आणि 1/60 मधला पीजी 30 सेंटिमीटर. एचजी 1990 मध्ये आला, एमजी 1995 मध्ये, पीजी 1998 मध्ये. 2010 मध्ये आलेल्या आरजीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. तो एचजीच्याच आकाराचा असतो, किंमतही पीजीच्या मानाने खूप कमी, म्हणून नवखे तो उचलतात. पण त्या साडेबारा सेंटिमीटरमध्ये एमजीच्या तोडीचे बारकावे कोंबलेले असतात. तांदळाच्या दाण्याएवढे भाग, नखाच्या कोपऱ्यावर मावतील असे स्टिकर. शिवाय सुरुवातीच्या आरजी किटमध्ये आतला सांगाडा साच्यातच जोडून आलेला असतो. तो वारंवार वाकवला की सांधे सैल पडतात आणि आकृती नीट उभी राहत नाही. दहा वर्षांच्या मुलाला पहिलंच किट आरजी देणं म्हणजे त्याला या छंदापासून तोडणं.

पहिल्यांदा घ्यावा तो एन्ट्री ग्रेड, किंवा अलीकडच्या साच्यातला एचजी. 2020 मध्ये एन्ट्री ग्रेड आरएक्स-78-2 (म्हणजे पहिल्या मालिकेतला गंडम) आला तेव्हा जपानात त्याची किंमत करासह 770 येन होती. त्याचे भाग हाताने सुटतात, कटरही लागत नाही, आणि स्टिकर न लावताही रंग बव्हंशी बरोबर दिसतात. एक दुपार पुरते. एचजी घेताना साचा कोणत्या वर्षाचा आहे ते जरूर पाहावं. 1990 च्या दशकातला एचजी आणि 2015 नंतरचा एचजी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्यात कोपर, गुडघा जेमतेम काटकोनात वळतो आणि रंग बरेचसे स्टिकरवर भागवलेले असतात.

गोंद लागतच नाही. 1980 च्या किटना लागत असे आणि रंगही आपणच द्यावा लागे. त्या दशकाच्या उत्तरार्धापासून भाग खुंटी-खाचेत दाबून बसवायची पद्धत आली. फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ आजूबाजूच्या पारदर्शक भागांवर बसते आणि डोळ्यांचं हिरवं प्लॅस्टिक कायमचं धुरकट होतं. तो सांध्यात उतरला तर खांदा जन्माचा जखडला. खुंटी तुटलीच तर प्लॅस्टिक वितळवून जोडणारं मॉडेल सिमेंट वापरावं, तेही फक्त पॉलिस्टायरिनवर (बहुतेक भाग याच कडक प्लॅस्टिकचे असतात) आणि ब्रशच्या टोकाने. सांध्यांत बसवायच्या मऊ प्लॅस्टिकच्या वाट्यांवर (पॉलिकॅप) ते काहीच काम करत नाही.

खरं कसब भाग सोडवण्यात आहे, आणि किटं तिथेच बिघडतात. भाग ज्या चौकटीला लागून येतात ती रनर. भाग आणि रनर यांना जोडणारा छोटा देठ म्हणजे गेट. नेलकटरने किंवा भागाला अगदी खेटून एका फटक्यात गेट तोडला की प्लॅस्टिकवर ताण येतो आणि तिथे पांढरा डाग उमटतो. गडद निळ्या, लाल भागांवर तो लांबून दिसतो. म्हणून दोनदा कापायचं. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर दूर, फक्त रनरपासून सुटका करायला. मग भाग हातात मोकळा धरून दुसरा काप, कटरची सपाट बाजू भागाकडे ठेवून. आणि तोही अर्धा मिलिमीटर राखून. उरलेला खुंट वॉटर पेपरने (बारीक पॉलिश पेपर) घासायचा: 400 नंबरचा, मग 600, 800, शेवटी 1000. पेपर बोटावर न धरता सपाट पट्टीला चिकटवावा, नाहीतर कडा गोल होतात. महागडा जपानी निपर, म्हणजे खास या कामाचा कटर, सुरुवातीला नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सोल्डरिंगच्या कामासाठी मिळणारा फ्लश कटर चालतो. फक्त त्याने तार कापू नये, पात्याला खाच पडते.

माहितीपुस्तिका जपानीत असली तरी बिचकू नये. प्रत्येक रनरला इंग्रजी अक्षर आणि प्रत्येक भागाला आकडा असतो, बाकी सगळं चित्रात. चित्रात डावं-उजवं आणि 'दोन नग बनवा' अशा खुणा असतात. घाईत त्या सुटतात आणि दोन्ही पाय डावे होतात. सगळे भाग एकदम कापून ठेवू नयेत, त्या पायरीला लागतील तेवढेच कापावेत. चुकीचा भाग बसला तर स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. जोडाच्या रेषेत बहुधा एक बारीक फट ठेवलेली असते. तिच्यात पातळ, बोथट पातं घालून हळूहळू फिरवावं. रंगकामासाठी किट पुन्हा सुटं करायचं असेल, तर खुंटीचं टोक जोडणीआधीच तिरकं कापावं. पकड पुरेशी राहते आणि भाग सहज निघतो.

गंडमच्या कपाळावरच्या व्ही आकाराच्या शिंगाकडे नीट पाहा. त्याची टोकं पडद्यावर अणकुचीदार दिसतात, किटमध्ये मात्र बोथट, मागच्या बाजूला चपटा जाड तुकडा असलेली. सुरक्षेच्या नियमासाठी तो तुकडा ठेवलेला असतो. घरात लहान मूल असेल तर तो तसाच राहू द्यावा. मोठ्यांनी काढायचा ठरवला तर मागून, थोडा थोडा, शेवटचा मिलिमीटर कटरऐवजी वॉटर पेपरनेच. एवढ्या एका गोष्टीने सगळा चेहरा बदलतो.

पॅनल लाइन, म्हणजे अंगावरच्या खाचांत राखाडी किंवा काळी रेघ भरणं, हे नवख्यालाही जमतं. बारीक टोकाच्या गंडम मार्करने रेघ ओढून जास्तीचं लगेच पुसून घेतलं की झालं. पण आपोआप खाचेत वाहणारी एनॅमलची शाई वापरताना सावध राहावं. तिच्यातलं थिनर ताणाखालच्या एबीएस या दुसऱ्या जातीच्या प्लॅस्टिकमध्ये शिरतं आणि घट्ट बसवलेला भाग बघता बघता तडकतो. पॉलिस्टायरिन तुलनेने सोसतं, पण घट्ट खुंट्यांशी तेही फुटतं. म्हणून ही शाई भाग सुटे असताना, वर पारदर्शक थर दिल्यावर, आणि थोडीच लावावी. कोणता भाग कशाचा हे रनरवरच्या पट्टीत पीएस (पॉलिस्टायरिन), एबीएस, पीई (मऊ पॉलिएथिलिन) असं उमटवलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर आणि घरातलं नेलपेंट रिमूव्हर तर प्लॅस्टिक सरळ विरघळवतात. ते किटजवळ आणूच नये.

शेवटचा मॅट, म्हणजे चमक घालवणारा पारदर्शक, थर देण्याबाबत आपल्याकडच्या हवामानाचा मुद्दा कुणी सांगत नाही. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर लॅकर स्प्रे मारला की हवेतला ओलावा थरात अडकतो आणि पृष्ठभागावर पांढुरकी बुरशी चढल्यासारखं दिसतं. पाऊस उघडलेल्या कोरड्या दुपारी, वीस-तीस सेंटिमीटरवरून, पातळ दोन-तीन हात द्यावेत. पांढुरकेपणा आलाच तर खरवडू नये. कोरड्या दिवशी आणखी एक पातळ हात दिला की बऱ्याचदा तो जातो. पारदर्शक भाग आधी काढून ठेवावेत, मॅट थराने ते आंधळे होतात. आणि हे काम घराबाहेर, मास्क लावून. पाण्यात भिजवून लावायचे डिकल (अतिपातळ छापील खुणा) असतील तर ते मॅट थराच्या आधी, गुळगुळीत थरावर लावायचे. खरबरीत पृष्ठभागावर खाली हवा राहते आणि डिकलची कड चंदेरी दिसते.

नकली किटचा प्रश्न गंभीर आहे. एमजीचं चित्र छापलेला बॉक्स एचजीच्या भावात मिळत असेल तर तिथेच थांबावं. अस्सल किटच्या रनरवर बांदाईचं नाव, साच्याचं वर्ष आणि किटचं नाव उठावात असतं. बॉक्सवर सोत्सु आणि सनराइज ही हक्कधारकांची नावं असतात. नकली मालात ही पट्टी गुळगुळीत केलेली असते. तिथे खुंट्या एक तर सैल, नाहीतर इतक्या घट्ट की दाबताना तुटतात, आणि एबीएस ठिसूळ असतं. विक्रेत्याकडे बॉक्सच्या फोटोऐवजी रनरचा फोटो मागावा. देत नसेल तर घेऊ नये.

यात शासनाचाही भाग आहे. आयात शुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक चिन्हही सक्तीचं आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी नियम हवेतच. पण रिअल ग्रेडसारख्या, 15 वर्षांवरील वापरासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या किटचा वेगळा विचार व्हायला हवा. अस्सल माल महागला आणि दुर्मीळ झाला की गिऱ्हाईक नकली मालाकडेच वळतं.

एक शेवटची सूचना. काम पुरं होईपर्यंत रिकामे रनर टाकू नयेत. एखादा भाग त्यालाच चिकटलेला राहून जातो, आणि जपानबाहेरून सुटा भाग मागवणं फार जिकिरीचं असतं. जपानात 2021 पासून बांदाई रिकामे रनर गोळा करून पुन्हा वापरते. आपल्याकडे तशी सोय नाही, पण पॉलिस्टायरिनच्या रनरचे बारीक तुकडे मॉडेल सिमेंटच्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवले की त्याच रंगाची लापशी तयार होते. जोडाच्या फटीत ती भरावी, दोन दिवस वाळू द्यावी आणि मग घासावी. रंग न देताही फट दिसत नाही.

आपले,
गनप्ला जोडणारे काही वाचक, पुणे