हातचा कुठून येतो

प्रिय बाय,

परवा फोनवर तू विचारलंस, अजून त्याच शाळेत काय गो, पणजीकडे बदली का मागत नाहीस. तेवढ्यात वाळपईची बस आली म्हणून मी कायतरी बोलून फोन ठेवला, पण ते मनात राहिलं. आज दुपारपासून लाईट नाही, पाऊस थांबायचं नाव घेत नाही, म्हटलं नीट लिहूनच कळवूया.

तुला आपला तिसरीचा वर्ग आठवतो ना? फळ्यावर ५२ वजा २७. मला उभं केलं. मी म्हटलं दोनातून सात जात नाहीत, तर म्हणे शेजारून एक हातचा घे, दोनाचे बारा झाले. मी विचारलं, एकच घेतला तर बारा कसे झाले? तीन व्हायला हवेत ना? फूटपट्टी उभी धरून पेरांवर मारली होती, आणि रडत रडत मी घरच्या कोंकणीत "म्हाका कळना" म्हटलं म्हणून सगळा वर्ग हसला. तू नव्हतीस हसली, ते माझ्या लक्षात आहे. त्यानंतर मी गणितात प्रश्न विचारला नाही कधी, नियम पाठ केले, मार्क चांगले पडायचे, सगळ्यांना वाटायचं पोरीला गणित येतं.

डी.एड. मी बाबांसाठी केलं हे तुला माहीत आहे. आजोबांना मुळाक्षरं देवळातल्या मंडपात बसून शिकावी लागली, पोर्तुगीज होते तेव्हा. १९६१ ला गोवा मुक्त झाला, ६३ साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेड्यापाड्यात मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्याच एका शाळेत बाबा गेले. आमच्या घरातून शाळेची पायरी चढलेले पहिले ते, त्यामुळे प्राथमिक शिक्षक म्हणजे त्यांना कलेक्टरच्या वरचा माणूस वाटायचा. मला बँकेत जायचं होतं. पण गेले पर्वरीच्या डाएटमध्ये, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेत, दोन वर्षं.

तिथे पहिल्या वर्षी एक दिवस मॅडमनी टेबलावर काड्या ठेवल्या, दहा दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. म्हणाल्या, सत्तावीस काढून दाखवा. आणि त्यांनी एका गठ्ठ्याचा रबर काढला. बस, एवढंच. दहा काड्या दोन सुट्यांत मिसळल्या, बारा झाल्या, आणि मला दिसलं की तो "एक" म्हणजे एक गठ्ठा होता गो, इतकी वर्षं मी ज्याला एक समजत होते तो दहा होता. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, रडू आवरेना. आनंद होता, आणि रागही होता, की हे दोन मिनिटांचं काम कोणी तेव्हा का केलं नाही. शिक्षिका व्हायचं ते मी त्या नळावर ठरवलं, त्याआधी नुसती बाबांची इच्छा होती.

मधली कंत्राटाची वर्षं सोडून देते, दर जूनला नवी शाळा, तुला ते रडगाणं तेव्हाच सांगून झालंय.

आता इथे तेरा मुलं, पहिली ते चौथी एका खोलीत आणि मी एकटी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंतसुद्धा दोन शिक्षक हवेत, पण आहे हे असं आहे. सकाळी बालरथ, म्हणजे शाळेची बस, येतो आणि वाड्यावरची बाकीची मुलं शहरातल्या शाळेत जातात. त्यांच्या आईबापांना मी दोष देत नाही. चौथीला फळ्यावर उदाहरणं घालायची, तिसरीला पाठ, तेवढ्यात पहिलीची दोन पिल्लं मांडीला टेकून चिंचोके मोजत असतात. दुपारी बचतगटाच्या बायका पाव-भाजी आणतात तेव्हा कुठे मी पाणी पिते.

गेल्या आठवड्यात तिसरीला वजाबाकी होती. माझ्याकडच्या काड्या वाळवीने खाल्लेल्या, तर एक पोर घरून माडाच्या हिरांची जुडीच घेऊन आली, तिची आजी केरसुण्या बांधते ना. आम्ही दहा दहाचे गठ्ठे केले, सुंभाने बांधले. मी तेच घातलं, ५२ वजा २७. हातचा हा शब्द काढायच्या आधीच ती सुंभाची गाठ सोडायला बसली. मी विचारलं काय करतेस, तर माझ्याकडे न बघताच म्हणते, "बाई, गांठ सोडल्याबगर काडी कशी दिवप?"

घरच्या भाषेत बोलली गो. कोणी हसलं नाही. मी ते वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, त्याखाली मराठीत लिहिलं आणि मग सांगितलं की पुस्तकात याला हातचा म्हणतात. तुला खरं सांगते, पाठ फिरवून लिहीत होते ते बरं झालं.

म्हणून मी बदली मागत नाही. ही पोर चौथी पास होईपर्यंत तरी नाही, आणि मग पहिलीतली ती दोघं आहेतच.

गणपतीच्या चवथीला येशील ना? येताना पुण्याहून जाड रबरबँडचं मोठं पाकीट आण. सुंभाच्या गाठी सोडताना पहिलीच्या मुलांची नखं दुखतात.

तुझीच मैत्रीण