आधी रस्त्यावरच्या पार्किंगला दर लावा

संपादक महोदय,

बेळगावच्या गणपत गल्ली, खडेबाजार परिसरातील वाहतूक कोंडीवर बहुमजली वाहनतळ हाच उपाय असल्याचे सांगणारा लेख आपल्या अंकात वाचला. त्याच्याशी सहमत होता येत नाही. मोटार उभी करायला 2.5 बाय 5 मीटर जागा पुरते. पण बहुमजली इमारतीत रॅम्प आणि वळणाची वाट धरून हेच क्षेत्र 30 चौरस मीटरच्या घरात जाते. एवढ्या जागेत एका कुटुंबाचा संसार मावतो! शिवाय रस्त्याकडेला फुकट सोय असताना पैसे मोजून वरच्या मजल्यावर कोण जाईल? जागा शोधत गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घिरट्या घालतात आणि तो धूर रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवाल्या मावशींच्या नाकातोंडात जातो. 7 मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या की मध्ये जेमतेम 3 मीटर उरतात. एक टेम्पो माल उतरवायला थांबला तरी रुग्णवाहिका अडकते. पार्किंगचे शुल्क जागेच्या किमतीशी निगडित असावे, असे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटले आहे. महापालिकेने आधी एकाच बाजूला पार्किंग ठेवून तासागणिक वाढते शुल्क आकारावे, माल उतरवण्याची वेळ सकाळी लवकरची ठरवावी आणि जमा होणारा पैसा पदपथांवरच खर्च करावा.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव