‘नागपूर दर्शन’ सहलीत जाहीर केलेली स्थळे न दाखवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: माहितीपत्रकात छापलेला कार्यक्रम न पाळल्याबद्दल अंशतः परतावा मिळणेबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या एक दिवसाच्या ‘नागपूर दर्शन’ सहलीचे पूर्ण पैसे आगाऊ भरून, कोल्हापूरहून आलेल्या मावशी-काकांना घेऊन मी गेल्या सोमवारी त्या सहलीला गेले होते. सीताबर्डीचा किल्ला आतून दाखवला जाईल आणि त्यानंतर मध्यवर्ती संग्रहालय पाहता येईल, असे आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले आहे. प्रत्यक्षात यांपैकी एकही स्थळ आम्हाला पाहायला मिळाले नाही.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट हे दिवस सोडले तर तो सर्वसामान्यांसाठी बंद असतो, हे बर्डीवरचा कोणताही पानठेलेवाला सांगेल. आरक्षणाच्या वेळी मी हीच शंका बोलून दाखवली, तेव्हा ‘आमच्या सहलींना खास परवानगी असते’ असे उत्तर आपल्या प्रतिनिधीने दिले आणि केवळ त्या शब्दावर विसंबून मी पैसे भरले. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी जिथे लढाई झाली, ती टेकडी पाहण्यासाठीच त्यांनी या सहलीला होकार दिला होता. प्रत्यक्षात बस फाटकापर्यंतही गेली नाही. रस्त्यावर वेग थोडा कमी करून आपल्या मार्गदर्शकाने ‘तो वर झाडांमागे दिसतो ना, तोच किल्ला’ असे सांगितले आणि पलीकडच्या बाजूला बसलेले काका उठून, वाकून खिडकीपाशी येईपर्यंत बस पुढे निघूनही गेली होती.

संग्रहालयाची कथा याहून वेगळी नाही. १८६३ साली स्थापन झालेल्या आणि ‘अजब बंगला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहालयाला सोमवारी साप्ताहिक सुटी असते. तरीही सोमवारच्या सहलीत ते दाखवण्याचे कबूल करून आपण आम्हाला बंद दारापर्यंत नेले आणि तिथूनच बस वळवली.

वाचलेला हा वेळ दीक्षाभूमीला मिळाला असता, तरी मी काही म्हटले नसते. तिथे मात्र पादत्राणे काढून ठेवण्यापासून ती पुन्हा पायात घालेपर्यंत जेमतेम वीस मिनिटे दिली गेली, आणि संत्रा बर्फीच्या एका दुकानापुढे बस तासभर उभी राहिली. शिवाय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ६ डिसेंबरला धम्मदीक्षा घेतली, असे आपल्या मार्गदर्शकाने सांगितले. दीक्षेचा दिवस १४ ऑक्टोबर १९५६ हा आहे; ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. दीक्षाभूमीवर उभे राहून अशी चूक होणे अक्षम्य आहे. झिरो माईलचा दगडी स्तंभ आणि त्याभोवतीचे चार घोडे तर आम्ही सिग्नलला थांबल्यामुळे पाहिले. मेट्रोने गेलो असतो, तर त्याच नावाच्या स्थानकावर उतरून ते निवांत आणि पुष्कळ स्वस्तात पाहता आले असते.

दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयात विचारणा केली असता, ‘परिस्थितीनुसार कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ ही माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली अट मला दाखवण्यात आली. पाऊस, मोर्चा किंवा वाहतुकीचा खोळंबा झाला असता, तर ही अट मी मान्य केली असती. मात्र त्या दिवशी कोणतीही परिस्थिती बदललेली नव्हती. किल्ला आणि संग्रहालय दोन्ही बंद असणार, हे आमच्याकडून पैसे घेतानाच ठरलेले होते. जे दाखवता येणार नाही हे आधीच माहीत आहे, ते दाखवू असे सांगून पैसे घेणे, ही माझ्या मते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

तरी न दाखवलेल्या दोन स्थळांच्या प्रमाणात आम्हा तिघांच्या शुल्काचा परतावा पंधरा दिवसांत द्यावा. किल्ल्याचा उल्लेख वरील तीन तारखांपुरताच ठेवून माहितीपत्रक दुरुस्त करावे, सोमवारच्या कार्यक्रमातून संग्रहालय वगळावे आणि ‘खास परवानगी’ असल्यास तिची प्रत मला लेखी उत्तरासोबत पाठवावी. या मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर

सोबत: पैसे भरल्याची पावती व माहितीपत्रकाची छायाप्रत