तुझं फॅक्टर मोजून घे

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "मी तुमच्या हिमोफिलियाची नुसती वाहक आहे बाबा, मला काही होत नाही," आणि ठेवूनच दिलास. म्हणून लिहितोय. तुला आता तिसरा महिना लागेल. आनंद मावत नाही, सगळ्यांच्या आधी दादाला सांगितलं. पण तुझं फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, अजून कोणी मोजलेलं नाही, एवढं एकच डोक्यात घोळतंय.

नववीत असताना तू मला गुणसूत्रांच्या 23 जोड्या काढून दाखवल्या होत्यास. "तुमचा वाय दादाला, एक्स मला." दादा सुटला तो त्यामुळेच. माझ्याकडे एक्स एकच, आणि त्याच्या टोकाशी असलेलं फॅक्टर आठचं जनुक बिघडलेलं. मुलगी झाली की तिला तोच जाणार. आईचा एक्स तुझ्याकडे चांगला आहे, खरं. पण बाईच्या पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करतो, दुसरा मिटून असतो. कुठला मिटेल ते गर्भातच, पेशीपेशीत वेगळं ठरतं. चांगला जास्त ठिकाणी मिटला, तर वाहक बाईचंही फॅक्टर खाली जातं. अक्कलदाढ काढलीस तेव्हा दोन दिवस रक्त थांबेना, आठव. दर महिन्याला कॉलेज बुडायचं तेही. गरोदरपणात फॅक्टर आपोआप वाढतं आणि बाळंतपणानंतर उतरतं, धोका तेव्हा असतो. म्हणून आत्ता एकदा मोजायचं आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा.

शिकवतच बसलो. तुला हे माझ्याहून जास्त कळतं, रागावू नकोस.

माझा नानामामा दात काढल्यावर गेला, पुढे माझं निघालं, तेव्हा आजीला सासरी काय काय ऐकावं लागलं! माहेरचं दुखणं आणलं म्हणे. कुठला एक्स मुलाला द्यायचा हे काय तिच्या हातात होतं? तुला कोणी असं एक अक्षर बोललं तर मला सांग. तुमच्या घरी तसं कोणी नाही, माहीत आहे, तरी सांग.

मुलगा असला तर निम्मी शक्यता. असलाच आजार, तरी त्याचे गुडघे माझ्यासारखे होऊ नयेत म्हणून आता लहानपणापासूनच औषध देतात. आमच्या वेळी क्रायोची, म्हणजे दात्याच्या रक्तातून काढलेल्या फॅक्टरची, पिशवी मिळाली तरी खूप. पहिलीतली तू माझ्या गुडघ्याला बर्फ धरून तिथेच झोपायचीस. तेव्हाच आईला म्हणालो होतो, ही पोर कशाला डगमगणार नाही. तू नाहीच डगमगत. मीच घाबरतो.

डॉक्टरांना आमचा आजार पहिल्याच भेटीत सांग. बाळंतपणात चिमटा किंवा व्हॅक्यूम नको, हेही आधीच बोलून ठेव.

दादा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर माझी फाइल देतो. म्युटेशनचा, म्हणजे जनुकातल्या नेमक्या बिघाडाचा, रिपोर्ट सगळ्यात वर लावलाय. बाळाला आजार आहे का ते बघायला वारेची तपासणी करायची ठरली तर लागेल. करायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मी विचारणारही नाही. तुझं रक्त मात्र सोमवारी दे. उपाशी जावं लागत नाही.

तुझा,
बाबा