जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शहापुरातल्या गल्लीत जुने कॉम्प्युटर आणि प्रिंटर गोळा करणारी गाडी आली होती. विंडोज 10 ला सुरक्षा अपडेट देण्याची नेहमीची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज 11 बसत नाही, त्यामुळे घराघरांतून चालती यंत्रंसुद्धा बाहेर काढली जात आहेत. गाडीच्या फळीवर शेजारच्यांचा एक पिवळट पडलेला कॅबिनेट होता, पेंटियम 4 च्या काळातला. मी शेजाऱ्यांना विचारलं, "हा मला देता का?" त्यांनी लगेच उतरवून दिला. त्या कॅबिनेटमुळे माझं वीस वर्षांपूर्वीचं कॉम्प्युटरवरचं विमान परत उडालं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी भूगोलाची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. बेळगावच्या पूर्व भागातल्या एका मराठी हायस्कूलात शिकवायची. कधीमधी सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान वर्गाच्या खिडकीतून दिसायचं आणि मग पुढची दहा मिनिटं कुणाचं लक्ष फळ्याकडे नसायचं. 2004 साली पुण्याहून येताना मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2004 चं, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या प्रोग्रामचं, मूळ खोकं विकत आणलं. चार सीडी होत्या. त्या महिन्याच्या पगारातला मोठा तुकडा त्यात गेला, पण नक्कल करून घ्यायची नाही हे मी ठरवलेलं होतं. वर्गात मुलांना चोरी करू नका म्हणायचं आणि चोरीच्या सीडीवर धडा शिकवायचा, हे मला जमणारं नव्हतं.

राइट बंधूंच्या 17 डिसेंबर 1903 च्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली म्हणून ती आवृत्ती काढलेली होती. तिला 450 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि हार्ड डिस्कवर 1.8 जीबी जागा पुरायची. शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर तेवढा होता.

त्यात सांबरा होता. नाव बेळगाव, कोड व्हीएबीएम. जागा 15 अंश 51 मिनिटं उत्तर, 74 अंश 37 मिनिटं पूर्व. मुलं सेसना 172 हे छोटं विमान धावपट्टीवर उभं करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "टीचर, आपण खालीच आहोत, मग हा काटा अडीच हजार फूट का दाखवतोय?" पुस्तकात 'समुद्रसपाटीपासून उंची' हे शब्द मी वर्षानुवर्षं शिकवले होते. ते खरे कळले त्या काट्यामुळे.

मग गोव्याला जायचं. सांबरा ते दाबोळी सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर, सेसनाने अर्धा तास. एक मूल कीबोर्डवर बसायचं, दुसरं ॲटलास आणि कोनमापक घेऊन दिशा काढायचं, जवळपास 240 अंश. बाकीचे मागे उभे राहून खाली काय येईल ते सांगायचे. आधी येळ्ळूरचा राजहंसगड, मग जांबोटी, मग घाट उतरून वाळपई. त्या सिम्युलेटरमधली जमीन ढोबळ होती, झाडं तर सगळी एकसारखी. पण सह्याद्रीची कड होती, आणि ती ओलांडली की जमीन एकदम खाली जायची. मी तिथेच विमान थांबवून विचारायची, कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, आणि आपल्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला समुद्राकडे. असं का? पाणी कुठे वळतं ते मुलं बोट ठेवून दाखवायची. दाबोळीला उतरताना काटा दोनशे फुटांच्या आत यायचा, तेव्हा वर्गात जो गलका व्हायचा तो अजून माझ्या कानात आहे. त्यातला एकजण आज हत्तरगीला विमानांचे सुटे भाग घडवण्याच्या कामावर आहे.

माझ्या नातीने यंदा सहावीत गेल्यावर हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, मला पण गोव्याला ने." म्हणून मी कपाटातून खोकं काढलं. तिच्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. चारही सीडी नीट चढल्या, शेवटपर्यंत एकही चूक नाही. चिन्हावर दोनदा टिचकी मारली आणि पुढे काहीच झालं नाही.

खडेबाजारच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्याकडे गेले. त्याने सीडी उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "टीचर, सीडी बरी आहे की. हिला ओळखणारा दरवानच आता विंडोजमध्ये नाही बघा."

त्याने समजावलं ते असं. त्या काळात नक्कल रोखायला सीडीवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. मूळ सीडीवर काही भाग मुद्दाम सदोष ठेवलेले असत, साध्या नकलेत ते उतरत नसत. सिम्युलेटर सुरू होताना ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम ती खूण तपासायचा. तो ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालायचा, आणि त्यातल्या फटीतून दुसऱ्या कुणाला सगळ्या यंत्राचा ताबा घेता येण्याचा धोका होता. म्हणून 2015 च्या विंडोज 10 मध्ये तो ठेवलाच नाही, आणि त्याच सप्टेंबरच्या सुरक्षा अपडेटने विंडोज 7 आणि 8 मध्येही बंद केला. काढला हे योग्यच केलं असं मी म्हणते. धोक्याचं दार बंदच केलं पाहिजे. पण त्या दारामागे पैसे देऊन घेतलेली, एक ओरखडाही नसलेली वस्तू अडकून पडली, आणि तिला दुसरं दार कुणी दिलं नाही.

यावर सगळे एकच उपाय सांगतात, कुलूप तोडलेली फाइल इंटरनेटवरून उतरवून घे. मी नाही म्हटलं. अशा फायलींतून काय घरात येईल याचा भरवसा नाही, आणि मला ते पटतही नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला बरीच मोकळीक देतं. ज्या कामासाठी प्रोग्राम घेतला त्या कामाला तो वापरता यावा म्हणून प्रत करता येते, फेरबदल करता येतो, नुकसान होऊ नये म्हणून राखीव प्रत ठेवता येते. पण 2012 च्या दुरुस्तीत आलेलं कलम 65अ हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप चुकवणं गुन्हा ठरवतं. मी घेतलेल्या सीडीवरून माझ्याच नातीला शिकवण्यात कुणाचा हक्क भंगतो? तरी साध्या माणसाने स्वतः हातोडा उचलण्यापेक्षा ज्यांनी कुलूप लावलं त्यांनीच किल्ली द्यावी. एखादी आवृत्ती विकणं आणि सांभाळणं थांबलं, की तिचं कुलूप काढणारी छोटी फाइल जाहीर करावी. कुणा एका कंपनीवर माझा रोख नाही, साऱ्या धंद्यानेच ही रीत घालून घ्यावी.

मधल्या वाटा आम्ही चाचपून बघितल्या. लॅपटॉपच्या आत आभासी यंत्र, म्हणजे प्रोग्रामने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, करून त्यात जुना विंडोज एक्सपी बसवला. सिम्युलेटर उघडला, पण चित्र एकेक घास गिळल्यासारखं पुढे सरकायचं, कारण अशा यंत्रात जुन्या एक्सपीला ग्राफिक्स कार्डाची खरी ताकद मिळत नाही. पुढची आवृत्ती, 2006 ची फ्लाइट सिम्युलेटर एक्स, डिसेंबर 2014 मध्ये सीडीशिवाय पुन्हा विक्रीला आली आणि ती नव्या विंडोजवर चालते. ज्यांना नवा लॅपटॉपच वापरायचा आहे त्यांनी ती घ्यावी. फुकट हवा तर फ्लाइटगिअर आहे, त्याचा कोडही सर्वांना खुला आहे. जुने सिम्युलेटर बसवताना ते प्रोग्राम फाइल्समध्ये न बसवता सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून बसवावे. नाहीतर विंडोज सेटिंगच्या फायलींत बदल करू देत नाही आणि चूक कुठे आहे हे शोधण्यात दिवस जातो. आणि लॅपटॉपला उजवीकडचा आकड्यांचा पट्टा आहे का ते आधी बघावं. 4, 6, 8, 2 या आकड्यांवरच विमान वळतं आणि वरखाली होतं. माझ्या नातीच्या लॅपटॉपला तो पट्टा नाही.

पण मला हवी होती ती 2004 चीच आवृत्ती, आणि याचं कारण केवळ आठवण नाही. आता सांबऱ्याची धावपट्टी 2,300 मीटर झाली, 2017 मध्ये नवी टर्मिनल इमारत उभी राहिली. कोडही बदलून व्हीओबीएम झाला. व्हीए म्हणजे मुंबईकडचा पश्चिम विभाग, व्हीओ म्हणजे दक्षिण. नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावी झालं. माझ्या चार सीडींवर यातलं काहीच झालेलं नाही. त्यांच्यावर 2003 सालचा सांबरा जसाच्या तसा आहे, आखूड धावपट्टीचा. आमच्या वाचनालयांत 1956 पूर्वीचा मुंबई राज्याचा नकाशा कुणी रद्दीत घालत नाही. तो बघून माणूस विचार करतो, वाद घालतो, शिकतो. शिकागोचं मेग्ज फील्ड हे छोटं विमानतळ कितीतरी वर्षं याच सिम्युलेटरचं सुरुवातीचं ठिकाण होतं. 30 मार्च 2003 च्या रात्री बुलडोझर घालून त्याची धावपट्टी उखडली. 2003 च्या आधीच्या आवृत्त्यांत मात्र ती अजून शाबूत आहे. या सीडी म्हणजे ॲटलास आहेत. फक्त त्या उघडायला त्यांच्याच काळातलं यंत्र लागतं.

ते यंत्र माझ्याकडे होतं, पण मेलेलं. त्याचा ऊर्जापुरवठा गेला होता, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वर आले होते, हार्ड डिस्क टकटक करायची. शेजाऱ्यांच्या कॅबिनेटमधून चालू एजीपी (जुन्या पद्धतीचं ग्राफिक्स) कार्ड मिळालं, हार्ड डिस्क मिळाली. घड्याळाची सीआर 2032 बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. कपॅसिटर माझ्या विद्यार्थ्याने उद्यमबागेतल्या ओळखीच्या कारागिराकडून बदलून घेतले. दोन संध्याकाळी लागल्या. एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर नियमित सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, म्हणून हे यंत्र इंटरनेटला जोडायचं नाही, हा नियम मी त्यावर कागद चिकटवून लिहून ठेवला आहे.

परवा नातीने पहिल्यांदा सांबऱ्याहून उड्डाण केलं. पहिला प्रश्न काट्याचाच.

संपादकसाहेब, जुनी यंत्रं गोळा करण्याच्या मी विरोधात नाही. जुन्या मॉनिटरच्या काचेत आणि डाखात शिसं असतं, ते मार्कंडेय नदीच्या पाण्यात जाता कामा नये. माझं एवढंच म्हणणं आहे की अशा मोहिमेची बातमी छापताना तुम्ही दोन ओळी जास्त छापाव्यात: देण्याआधी कॅबिनेट एकदा चालू करून बघा, आणि सीडीचं खोकं उघडून बघा. एक्सपी चालणारं यंत्र असेल तर ते जवळच्या हायस्कूलला किंवा वाचनालयाला विचारून द्या. खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागांतल्या मराठी शाळांत मुलं कमी होत चालली आहेत, खोल्या मोकळ्या आहेत. एका खोलीत एक टेबल आणि एक जुना कॉम्प्युटर मावतो.

आमच्या भागातल्या एका वाचनालयाने दर शनिवारी दुपारी तीन ते पाच असं टेबल द्यायचं कबूल केलं आहे. उड्डाणाच्या पायऱ्या मी मराठीत वहीत लिहून काढल्या आहेत, इंजिन सुरू करण्यापासून फ्लॅप उतरवण्यापर्यंत. एकच वस्तू कमी आहे. पंधरा पिनांचा, जुन्या गेमपोर्टला लागणारा जॉयस्टिक आता दुकानात मिळत नाही. तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर तो पडून असेल, तर माझा पत्ता संपादकांकडे दिला आहे. तुटका असला तरी चालेल, दुरुस्त करून घेऊ.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
शहापूर, बेळगाव