लंकावी ते फुकेत : वारा कमी, डिझेल जास्त

महोदय,

प्रवास पुरवणीतील शिडाच्या बोटींवरील लेखात मलेशियातील लंकावी ते थायलंडमधील फुकेत हा प्रवास ‘वाऱ्यावर स्वार होऊन’ करण्याचा म्हटला आहे. डिसेंबर ते मार्च हा हंगाम बरोबर. पण ईशान्य मोसमी वारा या पट्ट्यात दुपारनंतर बरेचदा पडतो आणि इंजिन लावावेच लागते. लिपे, रोक, फी फी या बेटांचे टप्पे घेत अंतर सुमारे १३० सागरी मैल, म्हणजे ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल) वेगाने २६ तास. तासाला ३ लिटर धरले तर ७८ लिटर डिझेल. ११० तरी भरावे. पिण्याचे पाणी माणशी रोज ४ लिटर.

रात्री चालवू नये. माकूळ पकडणाऱ्या बोटींचे हिरवे दिवे लांबून दिसतात, पण जाळ्यांचे दोर दिसत नाहीत. दोर बोटीच्या पंख्यात गुंतला की इंजिन लगेच बंद करावे. जोर लावून फिरवले तर पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्टच बिघडतो. दातेरी सुरी आणि डायव्हिंगचा चष्मा हाताशी हवा.

निघताना मलेशियाचे बंदर-मंजुरीपत्र घ्यावे, त्याशिवाय फुकेतच्या चलोंग बंदरात प्रवेशाची नोंद अडते. ही नोंद होईपर्यंत पिवळा क्यू झेंडा (प्रवेशाची परवानगी मागणारा) उतरवू नये. प्रवाळावर नांगर टाकू नये, बोट बांधायचा तरंगता बोया असेल तर तोच धरावा. आणि घड्याळ एक तास मागे घ्यायला विसरू नये!

– एक वाचक, रत्नागिरी